चाळणीत राहणारे सत्त्व

धान्य निवडणे, पाखडणे आणि गिरणीतून आणलेले पीठ चाळणे ही कामे आपल्या घरांतून इतक्या सवयीने होत असतात की, त्यांत काही निर्णय घेतला जात आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. चाळणीवर राहिलेला कोंडा कोणी गाईसाठी बाजूला ठेवते, कोणी तो केराच्या टोपलीत टाकते, तर कोणी पुन्हा पिठातच मिसळते. वरवर पाहता ही गोष्ट अगदी क्षुल्लक आहे. परंतु कुटुंबाच्या आहाराच्या दृष्टीने विचार केला, तर दिवसातील एक महत्त्वाचा निर्णय याच जागी होत असतो.

घरातील मंडळींनी अख्खे धान्य अधिक खावे असे वाटत असेल, तर त्यासाठी नवे आणि महागडे पदार्थ शोधत हिंडण्याचे कारण नाही. घरात येणाऱ्या धान्यातील सत्त्व बाहेर जाऊ द्यावयाचे नाही, आणि त्या धान्याचे जे काही होईल ते लहानथोर सर्वांच्या ताटात सारखेच वाढावयाचे, एवढ्या दोन गोष्टी साधल्या की पुष्कळसे काम झाले असे समजावे. यांपैकी पहिली गोष्ट ज्ञानाची आहे आणि दुसरी घराच्या रीतीची. दोहोंचाही थोडा विचार करू.

दाण्यात काय असते?

गहू असो, तांदूळ असो की ज्वारी-बाजरी असो, प्रत्येक दाण्याचे मुख्यतः तीन भाग असतात. बाहेरून कोंड्याचे थर, एका टोकाला इवलासा अंकुर आणि आत पांढरा गाभा. गव्हाच्या दाण्यात गाभ्याचा वाटा वजनाने सुमारे ८० ते ८३ टक्के, कोंड्याचा १४ ते १५ टक्के आणि अंकुराचा दोन-तीन टक्के असतो. गाभ्यात मुख्यतः पिष्ट आणि काही प्रथिने असतात. तंतुमय द्रव्य, ब गटातील बरीचशी जीवनसत्त्वे, लोह, जस्त, मॅग्नेशियम ही मात्र प्रामुख्याने कोंड्यात आणि अंकुरात साठविलेली असतात. मैदा म्हणजे नुसता गाभा. पांढराशुभ्र तांदूळ म्हणजेही नुसता गाभाच.

मग हे सत्त्व काढून का टाकले जाते? त्याचे एक मोठे कारण व्यापाराच्या सोयीत आहे. अंकुरात तेल असते आणि हवा लागली की ते खवट होऊ लागते. अंकुर व कोंडा काढून टाकलेले पीठ महिनोन् महिने पोत्यात पडून राहिले तरी बिघडत नाही. ही सोय साठवणाऱ्याची आहे, खाणाऱ्याची नव्हे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या कोष्टकांवरून हा फरक स्पष्ट दिसतो. १०० ग्रॅम मैद्यात तंतुमय द्रव्य पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असते, तर गव्हाच्या कणकेत ते ११ ग्रॅमहून अधिक असते. पांढऱ्या तांदळात ते तीन ग्रॅमही भरत नाही, आणि ज्वारीत १०, तर बाजरी व नाचणीत ११ ग्रॅमच्या घरात असते. नाचणीत कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते आठ मिलिग्रॅमही नसते.

या आकड्यांचा रोजच्या जेवणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. समजा, एखादी व्यक्ती दिवसाला एकंदर २५० ग्रॅम धान्य खाते. ते सगळे पांढऱ्या तांदळाचे असेल, तर तिला धान्यातून सुमारे सात ग्रॅम तंतुमय द्रव्य मिळेल. त्यातला निम्मा तांदूळ तसाच ठेवून उरलेल्या निम्म्याच्या जागी ज्वारीची भाकरी किंवा न चाळलेल्या कणकेची पोळी घेतली, तर हाच आकडा १६-१७ ग्रॅमवर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढ माणसासाठी दररोज किमान २५ ग्रॅम तंतुमय द्रव्याची शिफारस केली आहे. राहिलेली उणीव डाळ, उसळ, भाजी आणि फळे यांतून सहज भरून निघते. ताटात भात राहूनही एवढा फरक पडतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कोंड्याने शिकविलेला धडा

कोंड्याचे महत्त्व जगाला कळले ते एका आजारामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर बेरीबेरीने थैमान घातले होते. हातापायांतील शक्ती जाई, हृदय दुबळे होई आणि रोगी दगावत. क्रिस्तियान आइकमान या डच वैद्याला तेथे असे आढळले की, सडून पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना तशाच प्रकारचा आजार जडतो आणि न सडलेला तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या होतात. याच मार्गाने पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आपल्या देशातही हा प्रश्न होता. १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीचे काम एका खोलीत सुरू केले. त्याच कामातून वाढत गेलेली संस्था १९५८ साली हैदराबादला हलली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर यंत्रावर सडलेला कच्चा तांदूळ खाणाऱ्या लोकांत बेरीबेरी आढळत असे. उकड्या तांदळाची रीत असलेल्या तमिळ प्रदेशात मात्र ती क्वचितच दिसे. याचे कारण मोठे मनोरंजक आहे. भात भिजवून उकडला म्हणजे कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्याच्या गाभ्यात उतरतो आणि नंतर तांदूळ सडला तरी तो बराचसा टिकून राहतो. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या पिढ्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, परंतु त्याचा लाभ त्यांना मिळत होता.

१९३४ च्या अखेरीस वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा गांधीजींनी हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचे पीठ यांचा आग्रह धरला. त्यामागे खेड्यातील रोजगार जसा होता, तसाच पोषणाचा हा विचारही होता.

आज बेरीबेरीचे ते भय राहिलेले नाही, परंतु दुसरे आले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. याच पाहणीतून २०२५ साली असेही दिसून आले की, भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक एकट्या कर्बोदकांतून येतात. त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष प्रत्येक घराने ध्यानात ठेवावयास हवा. पांढऱ्या तांदळाऐवजी तेवढेच गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ खाल्ले, तर केवळ तेवढ्याने मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे आढळले नाही. धान्याचे प्रमाण थोडे उतरवून ती जागा डाळी, कडधान्ये किंवा दूधदुभते यांना दिली तेव्हा मात्र तो कमी दिसला. तात्पर्य, अख्खे धान्य हे औषध नव्हे. दोन पोळ्यांच्या जागी चार भाकऱ्या खाणे म्हणजे सुधारणा नव्हे. भाकरी एक, तिच्यासोबत वाटीभर उसळ आणि भाजी, असा तो मेळ बसावयास हवा.

मंडळी नाके का मुरडतात?

एवढे कळूनही घरोघरी अनुभव असा येतो की, कणीक जरा जाडी झाली किंवा भात जरा तांबूस दिसला की ताटावर कुरकुर सुरू होते. याचा दोष केवळ जिभेला देऊन चालणार नाही. आपल्या समाजात शुभ्रतेला प्रतिष्ठा आहे. पाहुण्यांपुढे पांढरा भात आणि मऊ पोळ्या, भाकरी मात्र घरच्या माणसांसाठी, असा संकेत पुष्कळ ठिकाणी होता व आजही आहे. १९६० नंतरच्या टंचाईच्या वर्षांत शिधावाटपावर आलेली अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी नाइलाजाने खाल्ली, त्यांच्या मनात भरड धान्य आणि हलाखी यांची जोडी कायमची बसली. एखाद्या आजोबांनी नातवाच्या ताटात भाकरी पाहून खंत व्यक्त केली, तर तिच्यामागे अशी आठवण असू शकते. २०१८ साली शासनाने या धान्यांना ‘पौष्टिक धान्य’ असे नाव दिले आणि २०२३ हे वर्ष जगभर त्यांच्या नावाने साजरे झाले. परंतु नाव बदलल्याने मनातील अढी एका दिवसात जात नाही.

दुसरे कारण श्रमाचे आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. भाकरी थापावी लागते, तव्यावर पाणी फिरवावे लागते आणि ती गरम गरमच चांगली लागते. ‘उद्यापासून घरात भाकरीच होईल’ असे फर्मान सोडणे सोपे आहे, परंतु त्याने एका व्यक्तीचे काम रोज तासाभराने वाढते याचा विचार फर्मान सोडणाऱ्याने करावयास हवा. धान्य निवडणे, दळण देणे व आणणे, रात्री तांदूळ वा कडधान्य भिजत घालणे ही कामे घरातील पुरुष मंडळींनी आणि मुलांनी वाटून घेतली, तरच हा बदल दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकतो.

सुरुवात कोठून करावी?

सुरुवात पोळीपासून करणे सर्वांत सोपे. गिरणीतून दळून आणलेली कणीक मुळातच अख्ख्या गव्हाची असते. शिधापत्रिकेवर मिळणारा गहूही अख्खाच असतो. त्यातील सत्त्व जाते ते बारीक चाळणीमुळे. म्हणून चाळण वापरावयाचीच, तर खडा-कचरा निघेल इतकीच मोठ्या भोकांची वापरावी. कोंड्यासकट मळलेली कणीक थोडी सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवली, म्हणजे कोंडा पाणी शोषून मऊ होतो आणि पोळी कडक होत नाही. ही सवय झाल्यावर दळणात चार किलो गव्हाला एक किलो ज्वारी किंवा नाचणी घालावी. एवढ्या मिश्रणाची पोळी नेहमीसारखीच लाटता येते. दोन-तीन आठवडे गेल्यावर हवे तर प्रमाण वाढवावे.

भाताच्या बाबतीत एकदम पालट करू नये. हातसडीचा तांदूळ धुऊन तास-दोन तास भिजत घालावा आणि वाटीला अडीच-तीन वाट्या पाणी घालून वेगळा शिजवावा, कारण त्याला पांढऱ्या तांदळापेक्षा वेळ अधिक लागतो. शिजल्यावर तीन भाग पांढऱ्या भातात एक भाग मिसळून वाढावा. वरण, आमटी किंवा कढीबरोबर हा फरक फारसा जाणवत नाही. तांदूळ कोणताही असो, तो चोळून पाच-सहा वेळा धुऊ नये आणि शिजविल्यावर पेज ओतून देऊ नये. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्याबरोबरच निघून जातात.

ज्यांना भाकरी थापता येत नाही, त्यांनी उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढावी आणि ती मळून घ्यावी. अशा उकडीची भाकरी लाटताही येते. नोकरीच्या धावपळीत रोज हे जमणार नसेल, तर आठवड्यातून दोन संध्याकाळी भाकरीच्या ठरवून टाकाव्यात. रोजचा संकल्प मोडण्यापेक्षा दोन दिवसांची रीत टिकविणे बरे.

सर्वांत कमी विरोध होतो तो न्याहारीला, कारण तेथे आपल्याकडे आवडीचे पदार्थ पूर्वीपासूनच आहेत. भाजणीचे थालीपीठ, ज्वारीचे धपाटे, विदर्भातील उकडपेंडी, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, नाचणीची आंबील, गव्हाच्या जाड्या रव्याची लापशी, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, ही सगळी अख्ख्या धान्याचीच रूपे आहेत. खानदेशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. धान्य आणि कडधान्य एकत्र आणण्याचा तो उत्तम नमुना आहे. नेहमीच्या उपम्यासाठी बारीक रव्याऐवजी गव्हाचा दलिया घेतला आणि डोशाच्या पिठात तांदळाच्या एक-तृतीयांश नाचणी घातली, तर मुले ते आनंदाने खातात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांनी इकडची ज्वारी मिळत नाही म्हणून अडून राहू नये. कर्नाटकात नाचणीचा मुद्दा आहे, केरळात तांबूस मट्टा तांदूळ आहे, राजस्थान-गुजरातेत बाजरीचा रोटला आहे, पंजाबात मक्याची रोटी आहे, बिहारात सातू आहे आणि उत्तराखंडात नाचणीलाच मंडुवा म्हणतात. त्या त्या भागात जे पिकते ते ताजे असते आणि बहुधा स्वस्तही. शेजारणीकडून एखादा पदार्थ शिकून घेण्यासारखी पाकशाळा दुसरी नाही.

काही सावधगिरी

अख्ख्या धान्याचे पीठ लवकर खराब होते, हे विसरू नये. बाजरीचे पीठ तर काही दिवसांतच कडवट होऊ लागते. म्हणून धान्य अधिक आणावे, पण दळण थोडे थोडे द्यावे. पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि उन्हाळ्यात शक्य तर शीतकपाटात ठेवावे.

बाजारातील तपकिरी पावावर रंगावरून विश्वास ठेवू नये, कारण तो रंग जळक्या साखरेचाही असू शकतो. वेष्टनावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. तीत पहिले नाव मैद्याचे असेल, तर वर ‘बहुधान्य’ असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले तरी तो मैद्याचाच पाव समजावा.

तंतुमय द्रव्य एकदम वाढविल्यास पोटात वायू धरतो. म्हणून ते हळूहळू वाढवावे आणि पाणी भरपूर प्यावे. कोंड्यातील फायटेट नावाचे द्रव्य लोहाच्या शोषणास अडथळा करते. भिजविणे, मोड आणणे आणि आंबविणे या आपल्या जुन्या रीतींनी ते कमी होते. जेवणात लिंबाची फोड किंवा आवळा असावा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, म्हणजे लोह अधिक अंगी लागते. तान्ह्या मुलांचे पोट लहान असते आणि कोंड्याने ते लवकर भरते. त्यांच्यासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून, गाळून सत्त्व काढण्याची जी पद्धत आहे ती योग्यच होय. तेथे चाळण अवश्य वापरावी. वृद्धांसाठी भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून मऊ करावी. मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा विकार असलेल्यांनी वैद्याच्या सल्ल्याने आहार ठरवावा. ज्यांना गहू सोसत नाही, त्यांना ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांचा मोठाच आधार आहे.

एकच तवा

शेवटी घराच्या रीतीविषयी. पुष्कळ घरांत असे दिसते की, वडिलांना मधुमेह असल्याचे कळले की त्यांच्यापुरती भाकरी वेगळी होऊ लागते. बाकीच्यांची जेवणे पूर्वीसारखीच चालू राहतात. भाकरी ही मग शिक्षा ठरते. ज्याला ती मिळते तो खिन्न होतो आणि ज्याला मिळत नाही तो स्वतःला सुटलेला समजतो. दुसऱ्या काही घरांत सकाळची उरलेली भाकरी घरच्या बाईने खावयाची आणि ताजी पोळी इतरांनी, असा अलिखित नियम असतो. दोन्ही ठिकाणी मुले एकच गोष्ट शिकतात, की भाकरी म्हणजे ज्याचा नाइलाज आहे त्याचे अन्न. पुढे त्यांना शाळेत किंवा भाषणांतून कितीही सांगितले, तरी ही शिकवण पुसली जात नाही.

याला उपाय एकच. सर्वांसाठी एकच तवा असावा आणि एकच भाकरी. ती पहिल्याने मुलांच्या ताटात गरम वाढावी, वर लोण्याचा गोळा किंवा शेंगदाण्याची चटणी द्यावी आणि आरोग्याचे प्रवचन टाळावे. पाहुणे आले तरी ती लपवू नये. कोणी खाल्ली नाही तर रागावू नये, पण त्याच्यासाठी दुसरा पदार्थही करू नये. मुलाला नवी चव पटावयास ती अनेकदा समोर यावी लागते, हा पालकांचा नेहमीचा अनुभव आहे.

येत्या महिन्याचे दळण देताना घरातील सर्वांनी मिळून एवढेच ठरवावे. चाळण मोठ्या भोकांची घ्यावी, चार किलोंना एक किलो दुसरे धान्य घालावे आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सर्वांनी भाकरी खावी. तीत एक भाकरी तरी अशी असावी, जी रोज स्वयंपाक करणाऱ्या हातांनी थापलेली नसेल. ती वेडीवाकडी झाली तरी बिघडत नाही. तीही तितक्याच आवडीने खाल्ली जाईल, आणि पुढल्या महिन्याच्या दळणाविषयी कोणाला फारसे सांगावे लागणार नाही.